तिसऱ्या पावलाचा हिशोब

सरकारी कचेरीत पैशांच्या बाजूला बसणाऱ्या माणसाला मराठी सहकारी हमखास एक नाव देतात : झारीतला शुक्राचार्य. मी ते बरीच वर्षं मिरवलं. दिल्लीत आफ्रिका खंडासाठीच्या योजनांची आकडेमोड ज्या टेबलांवर होते, त्यांपैकी एक माझं होतं. वरचे अधिकारी कल्पना काढत. कुठे दवाखाना, कुठे संगणक प्रशिक्षणाचं केंद्र, कुठे नवा दूतावास. फाईल फिरत आमच्याकडे आली की आम्ही विचारायचो : हे कुठल्या लेखाशीर्षाखाली? यंदा किती लागतील, पुढच्या वर्षी किती? आणि तिथे जाऊन बसणार कोण? उदक सोडायला हात पुढे केलेल्या यजमानाला हे प्रश्न कसे वाटतात, ते मी समोरच्यांच्या चेहऱ्यांवर रोज वाचत होते.

निवृत्तीनंतर साताऱ्याला आले. थोरला भाऊ कीर्तनं करतो. बलिप्रतिपदेच्या सुमारास त्याच्या कीर्तनात वामनाचं आख्यान असतं आणि त्यात शुक्राचार्याची दर वर्षी यथास्थित फजिती होते. दर्भाची काडी, फुटलेला डोळा, लोकांचं हसू. दादा त्या वेळी मुद्दाम माझ्याकडे बघतो. त्या एकाक्ष गुरूची बाजू मी घ्यायला लागले ती आधी थट्टेने. पुढे ध्यानात आलं की माझ्या सगळ्या नोकरीचा प्रश्न त्या आख्यानात आहे. राज्याला दान करता येतं का? माणसाला येतं, हे मान्य. पण एखादं सरकार समुद्रापलीकडच्या देशांना काही देतं, तेव्हा ते धर्माच्या कुठल्या रकान्यात मांडायचं?

डोळा फुटल्याची गोष्ट भागवतात नाही, ती लोकांनी मागाहून घातली. आठव्या स्कंधातला शुक्राचार्य झारीत शिरत नाही. तो समोर उभा राहून बळीशी वाद घालतो, आणि वाद चांगला घालतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : हा बटू कोण आहे ते मी ओळखलंय. एका पावलात तो पृथ्वी घेईल, दुसऱ्यात स्वर्ग. तिसरं पाऊल तू कुठे ठेवायला देणार? कबूल केलेलं दिलं नाहीस तर नरकात जाशील. शिवाय ज्या दानाने स्वतःची उपजीविकाच बुडते, त्या दानाला शहाणे नावाजत नाहीत. माणसाने आपल्या वित्ताचे पाच भाग करावेत. एक धर्मासाठी, एक कीर्तीसाठी, एक पुन्हा अर्थ मिळवण्यासाठी, एक सुखासाठी आणि एक स्वजनांसाठी.

मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला अनुदानाच्या मागण्यांचं पुस्तकच आठवलं. परराष्ट्र धोरणाचा पैसा असाच वाटला जातो, फक्त रकान्यांची नावं वेगळी असतात. धर्म म्हणजे आपत्तीतली मदत. कीर्ती म्हणजे परिषदा. अर्थ म्हणजे व्यापार. स्वजन म्हणजे परदेशातले भारतीय. सुखाबद्दल मी बोलत नाही.

आता आफ्रिकेकडे येते. ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीत तिसरी भारत-आफ्रिका शिखर परिषद झाली. आधीच्या दोन २००८ला दिल्लीत आणि २०११ला अदिस अबाबाला झाल्या होत्या, पण त्यांना मोजक्या देशांना बोलावणं होतं. या वेळी खंडातल्या सगळ्या ५४ देशांना निमंत्रण गेलं आणि ४१ देशांचे राष्ट्रप्रमुख किंवा सरकारप्रमुख आले. यजमानांनी त्यांना भारतीय जाकिटं घालायला दिली. त्या पोशाखातले त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले. भारताने पाच वर्षांसाठी जाहीर केलं ते असं : १० अब्ज डॉलरचं सवलतीचं कर्ज, ६० कोटी डॉलरचं अनुदान आणि ५० हजार शिष्यवृत्त्या. सभागृहात टाळ्या झाल्या असतील. आमच्या मजल्यावर लोकांनी कॅल्क्युलेटर काढले.

त्या वेळी ५४ देशांपैकी २९ देशांतच भारताचा स्वतःचा दूतावास होता. बाकीचे देश शेजारच्या राजदूताकडे जोडलेले. रवांडाचं काम कंपालातून चालायचं. एकेका राजदूताच्या गळ्यात दोन-दोन, तीन-तीन देश असायचे. नकाशावर ते चिकटून दिसतात, पण पश्चिम आफ्रिकेत एका राजधानीतून शेजारच्या राजधानीला जायचं तर कधी कधी वाट पॅरिसवरून काढावी लागायची. असा राजदूत वर्षातून एकदा-दोनदा जातो, अधिकारपत्र देतो, राष्ट्राध्यक्षांशी हात मिळवतो, परत येतो. मग त्या देशाने मागितलेल्या शिष्यवृत्तीचा अर्ज कुठल्या कपाटात अडकला, हे विचारायला तिथे कोण असतं? कोणी नाही. पन्नास हजार शिष्यवृत्त्या जाहीर करायला एक वाक्य पुरतं. त्या द्यायच्या तर अर्ज घेणारा, तपासणारा, व्हिसाचा शिक्का मारणारा आणि मुलगी पुण्याला किंवा कानपूरला पोचल्यावर तिचा फोन उचलणारा माणूस लागतो.

मार्च २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आफ्रिकेत १८ नवे दूतावास उघडायला मंजुरी दिली. २०१८ ते २०२१ या चार वर्षांत २९चे ४७ व्हायचे होते. यादीत रवांडा, जिबूती, टोगो, चाड, लायबेरिया, सिएरा लिओन, काबो व्हेर्दे, साओ तोमे असे देश होते. माझ्या मते अलीकडच्या काळातला आफ्रिकेबाबतचा हा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय. त्याला टाळ्या पडल्या नाहीत. भाड्याच्या इमारती, संदेशयंत्रणा, गाड्या, स्थानिक चालक आणि भारतातून जाणारे दोन-तीन अधिकारी, असल्या गोष्टींना टाळ्या पडत नाहीत. आणि ते अधिकारी आणायचे कुठून? भारतीय परराष्ट्र सेवा हजाराच्या आसपास माणसांची. एवढ्यांत सगळं जग. एका नव्या कचेरीसाठी माणूस द्यायचा म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी खुर्चीवरून उचलायचा.

इथे पहिला नैतिक पेच येतो आणि कागदावर तो अगदी निरुपद्रवी दिसतो. अठरा कुठले? आपण एक तक्ता करतो. व्यापार किती, तेल आहे का, किनारा आहे का, आपले लोक किती, संयुक्त राष्ट्रांत मतदान कसं करतात, चीन तिथे काय करतोय. देशांना गुण देतो. आमसभेत प्रत्येक देशाचं मत एकच, मग तो दोन लाख वस्तीचा साओ तोमे असो नाहीतर वीस कोटींवरचा नायजेरिया. पण आमच्या तक्त्यात ते एक नसतात. सर्वांभूती समदृष्टी ठेवावी असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि इथे मन लावून विषमदृष्टीचं कोष्टक भरतो. याचा मला सुरुवातीला त्रास व्हायचा. मग कळलं की समदृष्टी ही संताला परवडते, कारण त्याला काही वाटायचं नसतं. ज्याच्या हातात मोजकं आहे, त्याला क्रम लावावाच लागतो. नाही लावला तर क्रम आपोआप लागतो, आणि तो जवळिकीचा, ओळखीचा आणि आरडाओरड्याचा असतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाच्या तीन जाती सांगितल्या आहेत. परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, देणं कर्तव्य म्हणून दिलेलं ते सात्त्विक. उपकार फिटावा, फळ मिळावं म्हणून दिलेलं ते राजस. अवेळी, अपात्री, अवहेलना करून दिलेलं ते तामस. या मापाने पाहिलं तर आपली सवलतीची कर्जं बिनचूक राजस ठरतात. त्यांची रचनाच तशी आहे. मुंबईला कफ परेडवर मुख्य कचेरी असलेली एक्झिम बँक बाजारातून पैसा उभा करते आणि कर्ज घेणाऱ्या देशाला कमी व्याजाने देते. मधला फरक भारत सरकार भरतं आणि हमीही घेतं. अट अशी की माल आणि सेवा साधारणपणे ७५ टक्के भारतातून घ्यायच्या. म्हणजे कर्ज तिकडे जातं आणि ऑर्डर इकडे येते.

यात लाजण्यासारखं काही आहे, असं मला कधी वाटलं नाही. सेनेगलमधल्या भातशेतीसाठी अशाच कर्जातून पंप गेले, ते किर्लोस्करांचे. तिथल्या शेतीला पाणी मिळालं आणि भाताचं उत्पन्न वाढलं. या पंपांचं मूळ शोधत गेलं तर गंमत दिसते. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली ती औंध संस्थानच्या जमिनीवर. बेळगावहून बाहेर पडावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली, म्हणून. कुंडलजवळचं ते माळरान देताना राजाच्या डोळ्यांपुढे सेनेगल नक्कीच नव्हतं. त्या दानाला सात्त्विक म्हणा, आणि त्याच्यातून पुढे निघालेल्या पंपांच्या कर्जाला राजस. पाणी दोन्हींचंही लागलं.

तामस प्रकार मात्र आपण ओळखायला हवा, कारण तो कीर्तीच्या रकान्यात लपतो. घानाची राजधानी आक्रा इथे २००३ मध्ये भारताच्या मदतीने माहिती तंत्रज्ञानाचं एक केंद्र सुरू झालं, कोफी अन्नान यांच्या नावाचं. ते चाललं, लोक शिकले. त्याच शहराजवळ घाना विद्यापीठाच्या आवारात २०१६च्या जूनमध्ये महात्मा गांधींचा पुतळा बसवला. गांधींनी दक्षिण आफ्रिकेतल्या तरुणपणी कृष्णवर्णीयांबद्दल जे लिहिलं, ते तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी पुढे ठेवलं, आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो पुतळा आवारातून हलवला गेला. केंद्र त्यांना हवं होतं. पुतळा आपल्याला हवा होता. घेणाऱ्याला काय हवंय हे न विचारता दिलेलं दान कितीही मोठ्या माणसाच्या नावाचं असलं तरी त्यात थोडी अवहेलना असते. कंपालाला, युगांडाच्या संसदेत जुलै २०१८ मध्ये पंतप्रधानांनी आफ्रिकेसाठी दहा तत्त्वं सांगितली. त्यात आमच्या विकाससहकार्याला तुमचे अग्रक्रम वाट दाखवतील, असं एक होतं. ते चांगलं होतं. आमच्या टेबलावर त्याचा अर्थ इतकाच की मागणीपत्राशिवाय फाईल घ्यायची नाही.

पण हे सगळं वरवरचं झालं. खरी अडचण तिसऱ्या पावलाची आहे.

बळीने गुरूचं ऐकलं नाही. खोटेपणापेक्षा मोठा अधर्म नाही, पृथ्वी बाकी सगळ्यांचा भार सोसते पण खोटं बोलणाऱ्याचा नाही, असं त्याचं उत्तर. आणि मग जे व्हायचं ते झालं. दोन पावलांत सगळं संपलं, तिसऱ्याला जागा उरली नाही, वचन पुरं झालं नाही म्हणून वरुणपाशांनी त्याला बांधलं. तेव्हा त्याने मस्तक पुढे केलं. दादाच्या कीर्तनात इथे टाळ थांबतात. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा हा लाडका राजा. घरोघरच्या बायका त्याचं राज्य परत येऊ दे असं म्हणत ओवाळतात. मीही ओवाळते.

तरी मला विचारावंसं वाटतं : सरकारचं मस्तक कुठलं? बळीने दिलं ते त्याचं स्वतःचं होतं. शब्द त्याचा, चूक त्याची, डोकं त्याचं. परिषदेत शब्द देणारा मंत्री पाच वर्षांनी त्या खात्यात नसतो. ज्या सहसचिवाने मसुदा केला तो ब्रुसेल्सला बदलून गेलेला असतो. जाहीर केलेला कारखाना उभा राहिला नाही तर डोकं कुणाचं पुढे होतं? जिथे तो व्हायचा होता तिथल्या माणसाचं. इथिओपियात साखर कारखान्यांसाठी भारताने ६४ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, त्यांतल्या तेंदाहोचं काम वर्षानुवर्षं रखडलं. कारणं अनेक होती आणि सगळी एका बाजूची नव्हती. उलट रवांडात न्याबारोंगो नदीवर ८ कोटी डॉलरच्या भारतीय कर्जातून २८ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र झालं आणि २०१५ मध्ये सुरूही झालं. दोन्हींच्या घोषणा सारख्याच छापून आल्या होत्या. फरक नंतर पडला. उसाच्या भरवशावर बसलेल्या माणसाने आपली वर्षं दिली. ती वर्षं म्हणजेच तिसरं पाऊल, आणि ते दात्याच्या डोक्यावर पडलं नाही.

इथे मला बळीची बायको आठवते. विंध्यावली. आख्यानात तिच्या वाट्याला फार थोडं येतं, आणि कीर्तनकार बहुतेक तेही गाळतात. नवरा बांधलेला असताना ती देवाला म्हणते त्याचा आशय असा की हे त्रैलोक्य तूच निर्माण केलंस. ते आपलं म्हणणारे मूढ तुला काय अर्पण करणार? म्हणजे नवऱ्याच्या औदार्याचा पायाच तिने काढून घेतला. जे तुझं नव्हतं ते तू दिलंस कसं? सरकारला हा प्रश्न तंतोतंत लागू पडतो. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र खात्याला सुमारे २२,१५५ कोटी रुपये मिळाले, देशाच्या एकूण खर्चाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यातून मदत म्हणून भूतानला सुमारे २,०६८ कोटी आणि आफ्रिकी देशांना मिळून २०० कोटी. हा पैसा खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाने काडेपेटीवर भरलेल्या करातूनही आलेला आहे. त्याला कुणी विचारलं नाही. दिल्लीत बसून त्याच्या पैशाने उदार होणं सोपं आहे आणि त्यात पुण्य काही नाही.

तेव्हा माझं उत्तर असं की राज्याला दान करता येत नाही. दानाला लागतं ते ‘माझं’ म्हणण्याजोगं काही राज्यापाशी नसतं, आणि देऊन संपलं तर पुढे करायला मस्तकही नसतं. राज्याला एकच धर्म शक्य आहे : दिलेला शब्द पाळणं. मग शब्द देण्याआधी माणसं, वर्षं आणि पैसे मोजणं हा धर्माच्या आड येणारा कारकुनीपणा राहत नाही. तेच त्या धर्माचं आचरण होतं. खर्चाची फाईल ही सत्याची फाईल आहे. न मोजता दिलेला शब्द कितीही उदार असो, तो देतानाच अर्धा खोटा असतो.

इतकं म्हटल्यावर शुक्राचार्याला निर्दोष सोडता येत नाही. भागवतातला तो गुरू पुढे एक वाईट सल्ला देतो. विनोदात, लग्नाच्या बोलण्यांत, उपजीविकेवर किंवा प्राणांवर बेतलं असताना खोटं बोललं तर निंद्य नाही, असं म्हणून तो बळीला दिलेल्या शब्दातून निसटायला सांगतो. आमच्या जमातीचा खरा रोग हाच. आम्ही कधी नाही म्हणत नाही. आम्ही ‘विचाराधीन’ म्हणतो. ‘योग्य वेळी कळवण्यात येईल’ म्हणतो. एखाद्या छोट्या देशाचा मंत्री दर परिषदेत तेच प्रशिक्षण केंद्र मागतो आणि दर परिषदेत त्याला तेच हसू मिळतं. शब्दाआधी विचारलेला प्रश्न म्हणजे विवेक. शब्दानंतर काढलेली पळवाट म्हणजे झारीत शिरणं. लोकांनी डोळ्याची गोष्ट घातली ती म्हणूनच घातली असावी.

आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे आपल्या कचेऱ्यांत क्वचितच बघतात. आपण स्वतःला या गोष्टीत बळी समजतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आपण कसे दिसतो? जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ही कथा उलटी धरली : बळी इथल्या कष्टकऱ्यांचा राजा आणि वामन कपटाने भूमी बळकावणारा परका. पूर्व आफ्रिकेतल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १८८७ साली झांजिबारच्या सुलतानाकडून ब्रिटिश व्यापाऱ्यांनी मुख्य भूमीवरच्या दहा मैल रुंद किनारपट्टीचा कारभार मागून घेतला. हे पहिलं पाऊल. १८९५ मध्ये ‘संरक्षित प्रदेश’ झाला, तिथून रेल्वे आत गेली, आणि ती बांधायला हिंदुस्थानातून मजूर नेले गेले. १९२० मध्ये केनिया नावाची वसाहत झाली आणि उंचावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखली गेली. तिसरं पाऊल कुणाच्या डोक्यावर पडलं ते किकुयू शेतकऱ्याला ठाऊक होतं.

म्हणून कुणीही परका येऊन ‘थोडीशी जागा’ मागू लागला की तिथे कान टवकारतात. सेशेल्सच्या अझम्प्शन बेटावर धावपट्टी आणि धक्का बांधण्याबाबत भारताचा २०१५ मध्ये करार झाला, जानेवारी २०१८ मध्ये सुधारून पुन्हा सह्या झाल्या, आणि तो तिथल्या संसदेत अडला. लोक रस्त्यावर आले. दिल्लीत काहींना हा कृतघ्नपणा वाटला. आपण त्यांना गस्तीच्या नौका दिल्या, विमानं दिली, आणि हे असे? मला वाटतं, सेशेल्समधला शुक्राचार्य जागा होता, इतकंच. त्याने पाणी पडायच्या आधी विचारलं. आपल्या हेतूंत खोट होती असं मी म्हणत नाही. पण हेतू आपल्याला आतून दिसतात, दुसऱ्याला फक्त पावलं दिसतात.

या संदर्भात औंधचंच आणखी एक नाव निघतं. किर्लोस्करांना जमीन देणाऱ्या त्याच राजाचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. वडिलांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. गांधीजींच्या सल्ल्याने बहात्तर गावांच्या या संस्थानाने आपली सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपवायचा प्रयोग केला, त्यात अप्पासाहेब पुढे होते. म्हणजे सिंहासन सोडण्याचा अनुभव घेऊनच हा माणूस राजनैतिक सेवेत आला. १९४८ मध्ये नेहरूंनी त्यांना नैरोबीला भारताचे पहिले आयुक्त म्हणून पाठवलं. कार्यक्षेत्र पाहिलं तर आजच्या कुठल्याही योजनाकाराला घाम फुटेल : केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पुढे मध्य आफ्रिकेचा मोठा भाग. साधनं जवळजवळ शून्य. स्वतंत्र होऊन वर्ष झालेल्या, फाळणीने पोळलेल्या देशाकडे पाठवायला पैसा नव्हताच.

त्यांच्याजवळ होती ती एक स्पष्ट सूचना. तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांनी स्थानिक आफ्रिकनांच्या हिताआड येऊ नये, त्यांचा हक्क आधी. दुकानं थाटून बसलेल्या आपल्याच लोकांना हे सांगायचं म्हणजे त्यांचा रोष घेणं आलं. अप्पासाहेबांनी सांगितलं. आफ्रिकन पुढाऱ्यांना घरी बोलावलं, त्यांच्या घरी गेले, भारतात शिकायला जाण्यासाठी मुलांना थोड्या शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. १९५२ मध्ये आणीबाणी पुकारून जोमो केन्याटांना पकडलं आणि कापेंगुरियाला खटला चालवला, तेव्हा बचावाच्या वकिलांत दिवाण चमनलाल भारतातून जाऊन उभे राहिले. एक वकील. रक्कम म्हणून पाहिलं तर आजच्या एका चर्चासत्राचा चहापाण्याचाही खर्च नाही. ब्रिटिशांना पंत इतके खुपले की त्यांच्याविरुद्ध दिल्लीकडे तक्रारी झाल्या, आणि १९५४ मध्ये त्यांना तिथून हलवलं गेलं. औंधच्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं बघायला लोक गर्दी करतात. या माणसाबद्दल विचारलं तर बहुतेकांना काही सांगता येत नाही.

अप्पासाहेबांचं काम दानात बसत नाही. त्यांनी मोजकंच कबूल केलं आणि ते केलं, आणि स्वतः तिथे राहिले. अठरा दूतावासांची फाईल आली तेव्हा मला त्यांची आठवण झाली होती. टिपणीत लिहिता आली नाही, तिथे असल्या गोष्टींना जागा नसते.

हे सगळं दादाला ऐकवलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “तू आख्यानाचा शेवट सोडलास. वामन शेवटी कुठे गेला?” मी म्हटलं, “सुतलात. बळीच्या दारात गदा घेऊन उभा राहिला.” “मग? मागायला आलेला तिथेच राहिला. ज्याचं घेतलं त्याच्या दाराशी पहाऱ्याला.” हे मला सुचलं नव्हतं. देवाने तीन पावलांनंतर तिथे निवासी दूतावास उघडला, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं. दादा हसला नाही. घेणं-देणं आटोपून निघून जाणारा तो देव कसला, असं काहीसं तो म्हणत होता.

यंदाच्या कीर्तनात त्याला गोदानाचा दृष्टांत हवा होता, म्हणून मी त्याला रवांडाच्या गाईंची गोष्ट दिली. जुलै २०१८ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी र्वेरू नावाच्या गावाला २०० गाई भेट दिल्या. तिथल्या सरकारची २००६ पासून ‘गिरिंका’ नावाची योजना आहे, गरीब घराला एक गाय. अट अशी की तिची पहिली कालवड शेजाऱ्याला द्यायची. गाई भारतातून नेल्या नव्हत्या, तिथेच विकत घेतल्या, हे कळल्यावर दादा जरा हिरमुसला. गीर गाय विमानात चढतेय असं काहीतरी त्याच्या मनात असावं. पण कालवडीची अट त्याला फार आवडली. घेणाऱ्याला दाता करून सोडणारं दान त्याने पुराणांतही फारसं पाहिलं नव्हतं म्हणे. मी त्याला हेही सांगितलं की त्याच वर्षी किगालीत आपला दूतावास सुरू झाला, अठरांतला पहिला. हे त्याने कीर्तनात घेतलं नाही.

खटाव तालुक्यातलं गाव होतं. आख्यान रंगलं, गाईंची गोष्टही रंगली. आरतीनंतर एक म्हातारे शेतकरी पुढे आले. दुष्काळात छावणीत जनावरं बांधलेला माणूस. त्यांनी दादाला विचारलं, “महाराज, गाई दिल्या ते ब्येस झालं. पण तिथं चाऱ्याचं कोण बघतं?” दादाने माझ्याकडे बोट दाखवलं.

“ज्याची गाय त्याचा चारा, बाबा,” मी म्हटलं. “योजना तिथल्या सरकारची. आपण फक्त गाई घेऊन दिल्या.”

“आन् आटली तर?”

मी गिरिंकाबद्दल मला माहीत होतं तेवढं सगळं त्यांना सांगायला बसले.